पंचमीचा झोका, टिकल्या आणि एक्सेल: रिहॅबमधलं पहिलं मॅथेमॅटिकल मॉडेल घरच्या घरी कसं करायचं

मी लातूरला फिजिओथेरपी करते, इंजिनिअर नाही, बारावीनंतर गणिताला हात लावला नव्हता, त्यामुळं हे वाचणाऱ्याला जी भीती वाटतेय ती मला चांगलीच माहितीये. मॉडेलिंगचा नाद लागला तो एका पेशंटमुळं. औशाकडचे एक मामा, पॅरालिसिसचा झटका येऊन आठ महिने झालेले, उजवा पाय ताठ. दर वेळी येऊन एकच वाक्य, "म्याडम, पाय लई अखडायलाय बघा." मी मॉडिफाइड अ‍ॅशवर्थवर (हातानं पाय हलवून स्नायूचा ताठपणा ० ते ४ मध्ये लिहायची स्केल) १+ लिहायचे, माझी असिस्टंट त्याच दिवशी २ लिहायची, आणि महिन्याभरानं सुधारणा झाली का नाही या प्रश्नाला आमच्या दोघींकडं "वाटतंय तर खरं" एवढंच उत्तर असायचं.

ही स्केल वाईट नाहीये. अ‍ॅशवर्थनं १९६४ ला दिली, बोहानन आणि स्मिथनं १९८७ ला त्यात १+ घातला, आजही सगळीकडं तीच चालते. पण ती हाताला काय जाणवलं ते सांगते आणि हात माझा वेगळा, तिचा वेगळा. मला आकडा पाहिजे होता, आणि आकडा पाहिजे तर पायाचं काहीतरी मॉडेल पाहिजे, म्हणजे पाय कसा हलतो ते थोडक्यात सांगणारं गणित.

आधी मी काय चुकले ते सांगते

सगळ्यांसारखं मी पण सगळ्यात मोठ्या गोष्टीला हात घातला. ओपनसिम नावाचं स्टॅनफर्डचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, फार भारी आहे, त्यात चालणाऱ्या माणसाचं एक तयार मॉडेल मिळतं ज्यात २३ डिग्री ऑफ फ्रीडम (सांधे किती वेगवेगळ्या प्रकारे हलू शकतात ते) आणि ९२ मसल युनिट आहेत. प्रत्येक स्नायू हिलच्या मॉडेलवर बेतलेला, म्हणजे ए. व्ही. हिलनं १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूवरून काढलेलं ते जोर आणि वेगाचं समीकरण. लॅपटॉपवर तो सांगाडा चालताना बघून मी दोन दिवस खूश होते, मग लक्षात आलं की माझ्याकडं मामांच्या गुडघ्याचा मोजलेला एकच कोन आहे आणि समोर ९२ स्नायू. एका कोनावरून ९२ स्नायूंचं काय कळणार? कुठलेही आकडे भरा, उत्तर जुळतंच, आणि कशानंही जुळणाऱ्या उत्तराचं करायचं काय.

तेव्हापासून माझा नियम ठरला, जेवढं मोजता येतं तेवढेच अज्ञात आकडे मॉडेलमध्ये ठेवायचे. खालचं सगळं याच नियमावर चाललंय.

पायरी १: प्रश्न एका ओळीत, कागदावर

"स्पॅस्टिसिटीचं मॉडेल करायचंय" हा प्रश्न नाही (स्पॅस्टिसिटी म्हणजे स्नायूचा असा आपोआप येणारा ताठपणा). "मामांचा लोंबता पाय सोडला तर पहिल्या झोक्यात किती खाली जातो, आणि दहा आठवड्यांनी तो आकडा बदलला का" हा प्रश्न आहे. प्रश्नात कोण, काय मोजायचं आणि कधी हे तिन्ही आलं पाहिजे. नाही आलं तर एक्सेल उघडायचंच नाही.

पायरी २: हात बसायला नाडीवर एक छोटं मॉडेल

गुडघ्याकडं जायच्या आधी अर्ध्या तासात होणारं एक मॉडेल करून बघा. चहा गार होताना बघितलाय ना, उकळता असतो तेव्हा झपाट्यानं गार होतो आणि कोमट झाला की रेंगाळतो. चालून थांबल्यावर नाडीचं बरंचसं तसंच असतं. बसल्या जागी नाडी ७८ आहे समजा, कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवून आणल्यावर १२६ झाली, म्हणजे फरक ४८. थांबल्यावर एका मिनिटानं ९६, म्हणजे फरक उरला १८. अठ्ठेचाळीसचे अठरा म्हणजे साधारण ३७ टक्के, आणि फरक ३७ टक्क्यांवर यायला जितका वेळ लागतो त्याला टाइम कॉन्स्टंट म्हणतात, म्हणजे इथं तो ६० सेकंद. झालं तुमचं पहिलं मॉडेल, त्यात अज्ञात आकडा एकच.

आता ते खोटं पडतंय का ते बघा, कारण खरी मजा तिथंच आहे. मॉडेल म्हणतं दुसऱ्या मिनिटाला १८ चे पण ३७ टक्के उरतील, म्हणजे ७ ठोके, म्हणजे नाडी ८५ पाहिजे. मोजली तर बऱ्याचदा जास्त भरते, ९०-९१ वगैरे. का? कारण सुरुवातीचा उतार पॅरासिम्पथेटिक (नाडी खाली आणणारी) नस परत जागी झाल्यामुळं पटकन होतो आणि सिम्पथेटिकचा (नाडी वाढवणारीचा) जोर मात्र सावकाश ओसरतो, म्हणजे दोन चहा एकत्र गार होतायत, एक कपातला आणि एक थर्मासमधला. मॉडेल जिथं चुकलं तिथं शरीरानं काहीतरी सांगितलं. (बीटा ब्लॉकर चालू असलेल्या पेशंटवर हे आकडे लावू नका, त्यांची नाडी गोळीनं आधीच धरून ठेवलेली असते.)

पायरी ३: पायाला झोका समजायचं

पंचमीला लिंबाला झोका बांधतो ना, तोच. ढकलून सोडला की येरझाऱ्या घालतो आणि हळूहळू थांबतो. पेशंटला टेबलाच्या कडेला असं बसवायचं की मांडी टेबलावर आणि गुडघ्याखालचा पाय मोकळा लोंबेल, पाठ थोडी मागं रेलून, टाच धरून गुडघा सरळ करायचा, "सैल सोडा" म्हणायचं आणि हात काढायचा. याला पेंड्युलम टेस्ट म्हणतात, वार्टेनबर्गनं १९५१ मध्ये मांडली. सैल पाय सहा-सात झोके घेऊन थांबतो, स्पॅस्टिक पाय पहिल्याच झोक्यात अडकतो.

झोक्यावर तीनच गोष्टी काम करतात असं धरू. पहिलं गुरुत्वाकर्षण, पायाला खाली ओढणारं. दुसरं ताण, रबरासारखं, पाय मधल्या जागेपासून जितका लांब तितकं जास्त मागं ओढणारं. तिसरं अडथळा, सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं दाबून दांडा रेटला की जसं लागतं तसं, जितक्या जोरात रेटाल तितका विरोध. बाकी सगळं, म्हणजे घोटा, मांडीची हालचाल, हवेचा विरोध, सध्या फेकून द्यायचं. काय फेकलं ते मात्र कागदावर लिहून ठेवा, पुढं गरज पडते.

रक्ताभिसरणवाले हेच दुसऱ्या भाषेत बोलतात. आपल्याकडं कपाशीवर फवारायचा पाठीवरचा जुना हातपंप असतो, दांडा खालीवर थांबून थांबून होतो पण नोझलमधून फवारा सलग येतो, कारण आतल्या डब्यातली दाबलेली हवा मधली वेळ भरून काढते. महाधमनी तेच काम करते, आणि ओटो फ्रँकनं १८९९ मध्ये मांडलेलं विंडकेसल मॉडेल म्हणजे नेमकं हेच, एक फुगणारा डबा आणि एक अरुंद नोझल. कार्डिअ‍ॅक रिहॅबमध्ये काम करायचं असेल तर तिकडून सुरुवात करा, रीत हीच.

पायरी ४: मोजायचं कसं

स्टिकर मार्कर महाग पडतात, मी टिकल्या वापरते. मोठ्या, काळ्या, गोल. एक मांडीच्या बाजूला वर, एक गुडघ्याच्या सांध्यावर, एक घोट्याच्या बाहेरच्या हाडावर. पहिल्यांदा मामांच्या पायाला टिकल्या लावल्या तर मामा लाजून लाल, "म्याडम, घरी जायच्या आधी काढा बरं का, नाहीतर म्हातारी इचारंल." तेलाचा हात लावून आलेल्या पायावर टिकली टिकत नाही, आधी पुसून घ्या.

मोबाइल गुडघ्याच्या उंचीला, बरोबर बाजूनं, दोन-तीन मीटर लांब, स्टुलावर टेकवून. हातात धरून काढलेला व्हिडिओ टाकून द्या. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत पाय वेगात असताना एका फ्रेममध्ये पंधरा अंशांच्या आसपास सरकतो आणि टिकलीची नुसती रेघ दिसते, म्हणून स्लो मोशन, १२० किंवा २४० फ्रेम. पण इथं एक खड्डा आहे ज्यात मी पडले. २४० वर घेतलेली फाइल बऱ्याच फोनमध्ये ३० च्या चालीनं सेव्ह होते, म्हणजे वेळ आठपट ताणलेली. माझ्या भाच्याच्या पायाचा एक झोका आठ सेकंदांच्या वर आला आणि मी दोन दिवस सूत्रात चूक शोधत बसले. सॉफ्टवेअरमध्ये खरी फ्रेम संख्या भरायची, विसरायचं नाही.

कोन काढायला किनोव्हिया किंवा ट्रॅकर, दोन्ही फुकट. एकदा टिकलीवर क्लिक करून दिलं की ते स्वतः तिच्या मागं मागं जातं, अधूनमधून चुकतं तिथं हातानं सरळ करायचं. पाय असा तीन वेळा सोडून तीन व्हिडिओ घ्या, मधे अर्धा-एक मिनिट विश्रांती, कारण लगोलग केलं तर स्पॅस्टिक पाय थोडा सैल पडत जातो आणि तिन्ही आकडे वेगळे येतात.

हे कुणावर करायचं नाही ते पण सांगते: गुडघ्याचं ताजं ऑपरेशन, फ्रॅक्चर, पोटरीत गुठळीचा संशय, दुखरा सुजलेला गुडघा. व्हिडिओत चेहरा घ्यायचा नाही, आणि पेशंटला काय करतोय ते समजावून सही घ्यायची, मराठीत लिहिलेल्या कागदावर.

पायरी ५: तीन आकडे हातानं काढायचे

पहिला प्रयोग कायम निरोगी पायावर. माझा भाचा नीटची तयारी करतो (लातूरला दुसरं काय करणार), वजन ६० किलो, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत ४० सेंटीमीटर. त्याला दहा मिनिटांचा ब्रेक दिला आणि टेबलावर बसवला.

गुरुत्वाकर्षणाचा आकडा: बायोमेकॅनिक्समध्ये विंटरचे तक्ते वापरतात. त्यानुसार गुडघ्याखालचा पाय पावलासकट म्हणजे वजनाचा ०.०६१ भाग, गुरुत्वमध्य गुडघ्यापासून लांबीच्या ०.६०६ वर, आणि गुडघ्याभोवतीची त्रिज्या, जिला रेडियस ऑफ जायरेशन म्हणतात, लांबीच्या ०.७३५. यावरून हा पाय किती लांबीच्या साध्या झोक्यासारखा आहे ते निघतं: ०.७३५ चा वर्ग भागिले ०.६०६ गुणिले ०.४०, म्हणजे साधारण ०.३५७ मीटर. ९.८१ ला यानं भागा, आले २७.५. नुसतं गुरुत्वाकर्षण असतं तर एक झोका १.२ सेकंदांचा झाला असता.

ताणाचा आकडा: व्हिडिओत शेवटचे छोटे झोके १.०५ सेकंदांचे भरले, म्हणजे पाय गुरुत्वाकर्षणापेक्षा घाईत आहे, कुणीतरी मागं ओढतंय. ६.२८ भागिले १.०५, त्याचा वर्ग, ३५.८. त्यातून २७.५ वजा केले, उरले ८.३. हा ताण. छोटेच झोके घ्यायचे कारण मोठ्या झोक्याला वेळ थोडा जास्त लागतो.

अडथळ्याचा आकडा: लागोपाठच्या एकाच बाजूच्या दोन शिखरांचे कोन मधल्या जागेपासून ४० आणि २८ अंश. ४० भागिले २८, त्याचा नॅचरल लॉग ०.३५७. दोननं गुणून १.०५ नं भागा, ०.६८. लॉग म्हटल्यावर मी अडखळले, भाच्यानं मान वर न करता सांगितलं, बारावीच्या ऑसिलेशनमध्ये आहे की मावशी.

पायरी ६: एक्सेलमध्ये पाय सोडायचा

चार रकाने: वेळ (दर ओळीला ०.०१ सेकंदानं पुढं), कोन, वेग, त्वरण. कोन रेडियनमध्ये, म्हणजे अंशाला ५७.३ नं भागून, कारण एक्सेलला साइन रेडियनमध्येच लागतो. हे विसरलात तर पाय वेड्यासारखा फडफडतो. मधल्या, म्हणजे पाय शेवटी थांबतो त्या जागेला शून्य धरा.

त्वरण = उणे २७.५ × कोनाचा साइन, उणे ८.३ × कोन, उणे ०.६८ × वेग.
नवा वेग = जुना वेग + त्वरण × ०.०१.
नवा कोन = जुना कोन + नवा वेग × ०.०१.

पहिल्या ओळीत कोन ८० अंश म्हणजे १.४ रेडियन, वेग शून्य. पाच-सहाशे ओळी खाली ओढा, ग्राफ काढा.

तिसऱ्या ओळीत "नवा वेग" लिहिलंय ते मुद्दाम. मी आधी जुना वेग घेतला होता, बऱ्याच ठिकाणी तसंच शिकवतात, आणि वेळेची पायरी पण मोठी घेतली, ०.०१ च्या जागी एका सेकंदाचा तिसावा भाग. झालं काय, पाय थांबायचं सोडून प्रत्येक झोक्याला वरच चढायला लागला. गणितच होतं ते, त्या पद्धतीत प्रत्येक पायरीला थोडी ऊर्जा फुकटची मिळते, आणि इतक्या मोठ्या पायरीला एका झोक्यात ती अडथळ्यानं खाल्लेल्या ऊर्जेपेक्षा जास्त भरते. नवा वेग घेतला की हा रोग जातो. ग्राफमध्ये शरीराला अशक्य असं काही दिसलं की पहिला संशय पेशंटवर नाही, वेळेच्या पायरीवर घ्यायचा.

पायरी ७: जुळवायचं, आणि मग तोडायचा प्रयत्न करायचा

मोजलेला कोन शेजारच्या रकान्यात, दोघांच्या फरकाचा वर्ग, सगळ्यांची बेरीज. एक्सेलमधला सॉल्व्हर चालू करून सांगायचं, ताण आणि अडथळा बदलून ही बेरीज कमीत कमी कर. पहिल्या दोन व्हिडिओंवर जुळवा, तिसरा बाजूला ठेवा, आणि मिळालेल्या आकड्यांवर तिसरा किती जुळतो ते बघा. ज्यावर जुळवलं त्यावरच तपासलं तर बोर्डाचा पेपर आधी बघून दिल्यासारखं आहे.

मग एकेक मोजमाप थोडं हलवून बघा. मी टेप दोन सेंटीमीटर चुकली असं धरलं, ४० च्या जागी ४२. ताण न्यूटन मीटरमध्ये काढला (वरच्या ८.३ ला पायाच्या जडत्वानं, म्हणजे वजन गुणिले त्या त्रिज्येचा वर्ग यानं, गुणून) तर २.६ वरून ३.३५ वर गेला, चारेक महिन्यांच्या थेरपीनं होणार नाही एवढी उडी नुसत्या टेपनं मारली! शिवाय त्या तक्त्यांचं मूळ डेम्पस्टरच्या १९५५ च्या कामात आहे, आठ पुरुषांच्या मृतदेहांवर केलेल्या, आणि माझ्याकडं येणारी शेतमजूर बाई त्या आठांपैकी कुणासारखी नाही. नुसत्या झोक्यावरून पायाचं वजन वेगळं कळतच नाही, ताण भागिले जडत्व एवढंच कळतं. म्हणून मी दोन पेशंटची तुलना करत नाही, त्याच माणसाची त्याच टेपनं महिन्या-महिन्याची करते, लांबी एकदाच मोजून कायमची लिहून ठेवते.

पायरी ८: खरा पेशंट, आणि मॉडेल फसतं तेव्हा

मामांचा पाय सरळपासून मधल्या जागेपर्यंत ७५ अंश, आणि पहिल्या झोक्यात तो ८३ वरच अडकला. ८३ भागिले ७५, म्हणजे १.१. याला रिलॅक्सेशन इंडेक्स म्हणतात, निरोगी पायात १.६ किंवा वर असतो. हा आकडा काढायला मॉडेल लागत नाही, आणि नवख्या माणसानं खरंतर इथूनच सुरुवात केली तरी चालेल.

पण मॉडेलनं जे दाखवलं ते या आकड्यात नव्हतं. पहिला अडकलेला झोका जुळवायचा तर सॉल्व्हर अडथळा इतका वाढवायचा की पुढचे झोके मरूनच जायचे, आणि व्हिडिओत तर अडकल्यानंतरचे दोन-तीन छोटे झोके जवळपास भाच्यासारखे मोकळे होते. एकच अडथळा दोन्हीकडं बसेना. म्हणजे पाय सगळा वेळ ताठ नाहीये, फक्त वेगात खाली जाताना मांडीचा स्नायू ब्रेक मारतोय. हाच तो स्ट्रेच रिफ्लेक्स, पुस्तकात "वेगावर अवलंबून" असं लिहिलेला, आणि पहिल्यांदाच तो मला माझ्याच एक्सेलमध्ये दिसला. मग मी एक अट घातली: खाली जायचा वेग ठरावीक मर्यादेच्या वर गेला तरच जास्तीचा अडथळा लागू, नाहीतर शून्य. दोन आकडे वाढले, मर्यादा आणि जास्तीचा अडथळा, पण तीन व्हिडिओ होते म्हणून परवडलं. ग्राफ बसला, अगदी चिकटून नाही, पण पहिला झोका आणि शेवटचे दोन्ही एका वेळी.

यावरून उपचार बदलायचे नसतात, बॅक्लोफेनची, म्हणजे स्नायू सैल करायची, गोळी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवायचीच नाही. मी फक्त न्यूरॉलॉजिस्टला पाठवताना चिठ्ठीत "१+" च्या खाली ग्राफ चिकटवला.

दहा आठवड्यांनी मामांचा इंडेक्स १.३ आला. मधले चार आठवडे रिकामे आहेत, सोयाबीनची काढणी होती, पोराला गाडीवर आणायला वेळ नव्हता, आणि त्या रिकाम्या जागेत मी सरळ रेघ ओढलेली नाही, रिकामीच ठेवलीये.

शेवटचं काम, प्रत्येक व्हिडिओमागं एक ओळ: तारीख, वेळ, गोळी किती वाजता घेतली, खोलीत थंडी होती का, टेबल कुठलं, फ्रेम किती, आणि शेरा. शेऱ्याचा रकाना मोठा ठेवा. मामांच्या परवाच्या ओळीत कोनांच्या पुढं मी लिहिलंय, "एस्टीत दीड तास उभे राहून आले, पहिला झोका धरू नये."